रतन साहेब झाली तो दिवस

डोंबिवली (पश्चिम),
रविवार, २६ फेब्रुवारी १९८९

ती. आईंना,
जयाचा सविनय जयभीम.

तुमचं पत्र मंगळवारी मिळालं. मी खुशाल आहे. तुमच्या गुडघ्यांचं वाचून काळजी वाटली. थंडी सरली म्हणून तेल लावणं सोडू नका, आणि पाण्याचे हंडे एकटीनं उचलू नका. मीराबाईंच्या सुनेला मुलगी झाली हे फार छान झालं. त्यांना माझा निरोप सांगा, बाळाला बघायला नक्की येईन.

उत्तराला उशीर झाला, रागावू नका. तुम्ही पत्रात जे विचारलंय ते मी विसरले नाही. पण गुरुवारी शाळेत जे झालं ते आधी सांगते. तीन दिवस मी त्याच्याच तंद्रीत आहे. इथे शेजारणीला सांगितलं, दूधवाल्याला सांगितलं, तरी पोट भरलं नाही. तुम्हांला सांगितलं की भरेल.

आमची शाळा खाडीकडे आहे. स्टेशनपासून चालत गेलं की आधी इमारती लागतात, मग चाळी, मग कोळीवाडा. कोळीवाड्याच्या तोंडाशी आमच्या खोल्या. अर्धी मुलं कोळ्यांची, अर्धी चाळींतली, ज्यांचे वडील देशावरून, कोकणातून कंपन्यांत कामाला आलेत. जूनमध्ये मला चौथीचा वर्ग दिला. मी हंगामी शिक्षिका, त्यामुळे दिला तो घेतला. पहिल्या आठवड्यात मी अगदी रडकुंडीला आले. प्रश्न विचारला की सगळा वर्ग स्वतःच्या पायाच्या अंगठ्यांकडे बघायचा. उत्तर येत असलं तरी कुणी बोलायचं नाही.

त्यातली रतन म्हणून एक मुलगी तर अजिबातच नाही. कोळीवाड्यातली. बापाचं नाव धाकू, होडी आहे. आई आवडाबाई स्टेशनजवळच्या बाजारात मासळी विकते. रतनला वाचायला उभं केलं. धड्यात होतं, ‘तळ्यात कमळ फुलले.’ ती वाचते, ‘तल्यान कमल फुलला.’ वर्ग फुटला हसून. सगळ्यांत मोठ्यानं हसली चंद्रभागा, चाळीतली, सोलापूरकडची. त्या दिवसापासून रतननं तोंडाला जे कुलूप घातलं ते घातलंच. मला वाटलं, पोर मंद असावी.

मग एका रविवारी मी बाजारात बोंबील घ्यायला गेले. लांबूनच एक खणखणीत आवाज कानावर आला. एका गिऱ्हाइकाशी मराठीत घासाघीस चाललीये, दुसऱ्याला हिंदीत दटावणं चाललंय, मधेच शेजारच्या कोळणीला टोमणा. सगळा कोपरा ती एक मुलगी चालवत होती. जवळ गेले तर रतन! मला बघितलं आणि तिचा आवाज असा गेला, जसा कुणी दिवा मालवावा. टोपलीच्या मागं जाऊन बसली. आवडाबाई म्हणाली, “अगो, बाईंना बोल ना काय तरी!” रतन आणखीच आत सरकली.

आई, मी बोंबील न घेताच परत आले. ही मुलगी मुकी नव्हती, मंद नव्हती. माझ्या वर्गाच्या उंबऱ्याशी ती आपला आवाज काढून ठेवत होती, चपला काढून ठेवाव्यात तशी. बाजारातून घरापर्यंत माझ्या मनात तोच विचार होता. आणखीही एक विचार होता, तो पुढे लिहिते.

दुसऱ्या दिवशी मी बसायच्या पट्ट्या गुंडाळून भिंतीशी लावल्या आणि म्हटलं, आज वर्गात बाजार भरवायचा. ज्याला जे हवं ते विकायचं. माल नाही, पैसे नाहीत, फक्त बोलायचं. आमच्या डी.एड.च्या कॉलेजात एकदा नाट्यशिबिर झालं होतं, त्यात असले खेळ शिकवले होते. आणि थोडं माझ्या दादांचं. आमचे दादा कल्याणात जलशात गायचे, हे तुम्हांला ठाऊक आहे. लहानपणी ते मला चाळीच्या त्या टोकाला उभं करायचे आणि इकडून म्हणायचे, “ओरडू नको जये. माझ्यापर्यंत पोचव.”

तर बाजार. कुणी बांगड्या विकल्या, कुणी रॉकेल. रतन भिंतीला पाठ लावून बसलेली. दामाजी नावाचा एक टग्या आहे, तो पाटी हातात धरून ओरडायला लागला, “पापलेट घ्या, पापलेट!” पाटी दोन बोटांत लोंबकळतेय. रतनला ते सहन होईना. ती एकदम उठली.

“ए, पापलेट असा धरतान का कोन? शेपटाला धरून लोंबकलवलास तं गिऱ्हाईक पलंल ना!”

वर्ग हसला, पण या वेळी दामाजीला. रतननं त्याच्या हातातून पाटी घेतली, आडव्या तळहातावर ठेवली, कल्ले उघडून दाखवले, आणि चंद्रभागेलाच गिऱ्हाईक करून ते पापलेट तिच्या गळ्यात मारलं. चंद्रभागा खरोखरच पिशवी शोधायला लागली!

त्यानंतर आमचं रोज सुरू झालं. शेवटचा तास खेळाचा. एक खेळ आरशाचा, दोघं समोरासमोर, एकानं केलं ते दुसऱ्यानं तसंच करायचं. त्यासाठी समोरच्याकडे नीट बघावं लागतं. एक खेळ दादांचा, या भिंतीवरून त्या भिंतीपर्यंत न ओरडता गोष्ट पोचवायची. एक खेळ असा, की मी फळा आणि तुम्ही खडू, आता भांडा. पोरं भांडायची, आणि भांडता भांडता मराठी इतकी बोलायची की मला थांबवावं लागायचं. मी कुणाची बोली दुरुस्त करत नव्हते. पुस्तक पुस्तकासारखं वाचायचं, पण आपलं बोलताना आपल्यासारखं बोलायचं, एवढा एकच नियम.

आणि एक खेळ ‘नाही’चा. समोरचा काहीतरी मागतो. आधी साधं, मग लाडीगोडीनं, मग दरडावून, मग रडून. आपण फक्त ‘नाही’ म्हणायचं. रागवायचं नाही, हसायचं नाही, खाली बघायचं नाही, दोन्ही पाय जमिनीवर. तुम्हांला वाटेल, त्यात काय अवघड आहे? करून बघा. मुलींना तर जमेचना. एक तर फिसकन हसायच्या, नाही तर “बरं घे” म्हणून मोकळ्या.

एक दिवस मुलांनी मलाच उभं केलं. दामाजी समोर. “बाई, तुमचा डबा द्या.” नाही. “बाई, भूक लागली ओ.” नाही. “बाई, तुम्ही असं कसं करता, सगळे काय म्हणतील?” आणि मी हसले, म्हणाले, “घे रे बाबा.” सगळा वर्ग एका दमात ओरडला, “बाई आउट!”

मीही हसले. पण घरी आल्यावर हसू आलं नाही.

दिवाळीनंतर तक्रारी सुरू झाल्या. शेजारच्या वर्गाला आवाज जातो. इमारतीतले एक गृहस्थ येऊन म्हणाले, शाळेत मासळीबाजार भरतो, आमच्या मुलांची भाषा बिघडतेय. आमचे मुख्याध्यापक भोईर गुरुजी माणूस वाईट नाही, पण निवृत्तीला आलेत, त्यांना कटकट नको असते. मला बोलावून म्हणाले, “जयाबाई, फेब्रुवारीत पर्यवेक्षक साहेब येणार. वर्ग नीट दिसला नाही तर पुढच्या वर्षी तुम्ही इथे नसाल. हंगामी आहात, विसरू नका. तमाशा बंद करा.”

मी “हो” म्हणाले. तुमच्याकडे म्हणायचे तसंच. पण वर्गात आले, तर पोरांनी पट्ट्या आधीच गुंडाळून ठेवलेल्या. माझी वाट बघत उभी. काय करणार? दार लावून घेतलं आणि खेळ चालू ठेवला. एवढंच केलं की आवाज खाली आणला. त्याचा फायदाच झाला. हळू बोलून पोचवायला पोरं शिकली.

जानेवारीत रतन दोन दिवस आली नाही. तिसऱ्या दिवशी आली ती गप्प. विचारलं तर म्हणाली, बापूस सांगतो, चौथी झाली की बस. पाचवीची शाळा स्टेशनपलीकडे, आणि बाजारात आईला माणूस हवं. मी कोळीवाड्यात जाऊन आले. धाकू भला माणूस, मला खाट दिली, चहा दिला, पण ऐकलं नाही. “बाई, तुमचा खरा हाय. पन आमचा घर आमाला चालवाचा हाय.” आवडाबाई चुलीपाशी बसून होती. एकदा तिनं मान वर केली, तोंड उघडलं, आणि परत मिटलं. ते मिटलेलं तोंड मला चांगलं ओळखीचं वाटलं.

आता गुरुवार. साहेब आले. उंच, पिकलेले केस, कडक इस्त्री. त्यांना एक सवय, प्रश्न विचारायच्या आधी चष्मा काढायचा, रुमालानं पुसायचा, उजेडात धरून बघायचा, मग घालून म्हणायचं, “हं, बोला.” भोईर गुरुजींनी साहेबांच्या जेवणासाठी धाकूला ताजी मासळी आणायला सांगितलेलं. तो डोक्यावर टोपली घेऊन आला आणि साहेबांना बघून आमच्या वर्गाच्या दारातच थबकला.

साहेबांनी गणितं विचारली, मुलांनी सांगितली. रतनला वाचायला दिलं, तिनं नीट वाचलं. मग त्यांनी विचारलं, “शाळा आवडते का?” ती म्हणाली, “हाव साहेब, शाला आवडते.” साहेब म्हणाले, “शाला नव्हे. शाळा. म्हण, शाळा.” मी वर्गाकडे बघितलं. पण वर्गात एक मूल हसलं नाही, आई. चंद्रभागासुद्धा नाही.

साहेब माझ्याकडे वळले. “तुमच्या वर्गात नाटकं चालतात अशी तक्रार आहे. खरं का?”

मी काही बोलायच्या आत दामाजी म्हणाला, “खरं साहेब! करून दाखवू?”

भोईर गुरुजींनी डोळे मिटून घेतले. साहेबांच्या कपाळाला आठी पडली. “कशावर करणार?”

“तुम्ही सांगाल त्यावर.”

“असं? मग माझ्यावरच करा.” हे त्यांनी रागानं म्हटलं की थट्टेनं, मला अजून कळलेलं नाही.

पोरांनी एकमेकांकडे बघितलं. पट्ट्या गुंडाळल्या गेल्या. आणि रतन पुढे आली. तिनं पाठ ताठ केली, खिसा नसलेल्या फ्रॉकच्या खिशातून रुमाल काढला, नसलेला चष्मा पुसला, उजेडात धरला, डोळ्यांवर चढवला आणि म्हणाली, “हं, बोला.”

हुबेहूब! साहेबांचा हात स्वतःच्या चष्म्याकडे गेला आणि तिथेच थांबला.

चंद्रभागा समोर येऊन उभी राहिली, खांदे पाडून, अंगठ्याकडे बघत. साहेब झालेली रतन विचारते, शुद्ध, पुस्तकी मराठीत, “मुली, तुझे नाव काय?”

“रतन,” चंद्रभागा म्हणाली.

हे ठरवलेलं नव्हतं, मी शिकवलेलं नव्हतं.

“रतन, पुढच्या वर्षी कोणत्या वर्गात जाशील?”

“कंच्याच नाय, साहेब. बापूस नाय बोलतो.” चंद्रभागेनं ते रतनच्या बोलीत म्हटलं, आणि इतकं मनापासून, की एका मुलीनं डोळे पुसले.

रतननं परत चष्मा काढला, पुसला, घातला. मग दाराकडे वळून म्हणाली, “धाकू, पुढे या.”

धाकूनं इकडेतिकडे बघितलं. वाटलं, आता हा ओरडणार. पण त्यानं टोपली खाली ठेवली, डोक्यावरची लाल टोपी काढून हातात घेतली, आणि अनवाणी पायांनी आत आला. स्वतःच्या पोरीसमोर हात बांधून उभा राहिला. “जी साहेब.”

“तुमची मुलगी पाचवीत का जाणार नाही?”

“साहेब, घरचा काम हाय.”

“मुलगी हुशार आहे.”

“हाय. पन साहेब, तुमी बोलून जाल. मासली कोन उचलंल? हिची आयस एकटी पडते.”

रतननं खऱ्या साहेबांकडे बघितलं नाही, माझ्याकडेही नाही. डोळ्यांवरचा तो नसलेला चष्मा काढला, आणि तो परत चढवलाच नाही. दोन्ही पाय नीट रोवले. आणि स्वतःच्या आवाजात, बाजारातल्या त्या आवाजात, पण हळू, त्या भिंतीपर्यंत पोचेल असं म्हणाली,

“मी उचलीन, बा. सकालची मीच उचलीन. मंग शालेन जाईन. दोनी करीन. पन शाला सोड बोलशील, तं नाही.”

धाकू म्हणाला, “रतन.”

“नाही, बा.”

ती रडली नाही, हसली नाही, तिनं खाली बघितलं नाही. धाकूनं टोपी घातली, टोपली उचलली आणि निघून गेला.

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, उजेडात धरला. सगळा वर्ग खदखदून हसला, आणि साहेबही! हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलेलं मी बघितलं. रतनजवळ जाऊन म्हणाले, “मी इतकी वर्षं शाळा तपासतोय. मला कुणी इतकं नीट बघितलं नव्हतं.” आणि मग, “तुझी शाला चांगली आहे.” भोईर गुरुजींना म्हणाले, पुढच्या महिन्यात आसपासच्या शाळांचे शिक्षक इथे पाठवतो, जयाबाई त्यांना हे खेळ शिकवतील. गुरुजी म्हणाले, “मी त्यांना पहिल्यापासून सांगत होतो, चालू ठेवा!”

मी मात्र धाकूच्या विचारात होते. वाटलं, पोरीला घरी मार बसणार, आता ती शाळेत येणार नाही. पण काल शनिवारी सकाळी शाळा भरायच्या आधीच धाकू आणि आवडाबाई फाटकाशी उभे. धाकू म्हणाला, “बाई, पाचवीला काय काय लागल ता सांगा.” मी विचारलं, कसं काय? तो आवडाबाईकडे बघून हसला. ती म्हणाली, “बाई, मी कंदी याच्यासमोर बोलले नाय. पोर बोलली ता आयकला, तं माजा पन तोंड फुटला.”

आई, शाळेतून मी रस्त्यानं अक्षरशः गात आले. लोक बघत होते. बघू देत.

आता तुमच्या प्रश्नाकडे येते. आवडाबाईचं ते वाक्य ऐकल्यापासून मला ते टाळता येईना.

तुम्ही विचारलंय, घरी कधी येणार? शहाड काही लांब नाही. मधे दोनच स्टेशनं. नोकरी लांब पडते म्हणून मी इथे राहते, असं मी तुम्हांला सांगितलं होतं, आणि तुम्ही काही न विचारता माझी पिशवी उचलून पुलापर्यंत पोचवायला आला होतात. तुम्हांला तेव्हाच कळलं असेल.

तुमच्या घरात मला कुणी मारलं नाही, उपाशी ठेवलं नाही. तुमच्या मुलाला दारूचं व्यसन नाही. लोक विचारतात, मग झालं काय? मला सांगता यायचं नाही. झालं एवढंच, की माझ्या वाट्याचं सगळं ते बोलायचे. पाहुण्यांनी विचारलं, सूनबाई किती शिकल्या, उत्तर त्यांचं. चहा घेणार का, “ती नाही घेत.” मला काय वाटतं हे मला कळायच्या आत ते सांगून मोकळे. युनियनच्या गेटसभेत हजार माणसांच्या हक्काचं बोलणारा माणूस, बोलतातही सुंदर. मी घरात हळूहळू मुकी झाले. बाजारात टोपलीमागं लपलेल्या रतनला बघून मला जे आठवलं, ते मीच होते.

आणि एक गोष्ट तुम्हांला ठाऊक नाही. या नोकरीचं बोलावणं मला एक वर्ष आधीच आलं होतं. मी तेव्हा माहेरी आजारी आईजवळ होते. ते परस्पर कचेरीत गेले आणि माझी इच्छा नाही असं सांगून आले. घरात कुणाला बोलले नाहीत. वर्षानं पुन्हा जागा निघाल्या, मी गेले, तेव्हा तिथला कारकून म्हणाला, “बाई, मागच्या खेपेला तुमचे मिस्टर नको म्हणून गेले. या वेळी नक्की ना?” त्या दिवशी मी घरी येऊन स्वयंपाक केला, सगळ्यांना वाढलं, आणि एक अक्षर बोलले नाही. मला बोलताच येईना.

आता येतंय.

आई, तुम्हांला वाचता येत नाही. हे पत्र तुम्हांला तुमचा चांगदेवच वाचून दाखवतोय, हे मला ठाऊक आहे. म्हणूनच ते असं लिहिलंय. मी त्याला कधी नावानं हाक मारली नाही, आज मारते. चांगदेव, इथे थांबू नकोस. वरचं गाळलं असशील तर मागे जा आणि वाच. हे तुला लाजवायला लिहिलेलं नाही. एवढी वर्षं माझ्या वतीनं तू बोललास, तर आज एकदाच माझे शब्द, जसे आहेत तसे, तुझ्या तोंडून आईंना ऐकव.

मी शहाडला परत येणार नाही. शाळेजवळ खोली घेतली आहे. रागानं म्हणत नाही, रडत नाही. माझे दोन्ही पाय जमिनीवर आहेत.

आई, तुम्ही मात्र या. खोली लहान आहे, पण खिडकीतून खाडी दिसते. माझी पोरं तुम्हांला बाजार भरवून दाखवतील. तुम्ही माझी पिशवी उचललीत, ते मी विसरणार नाही, आणि आपल्या दोघींचं नातं तुमच्या मुलाच्या हातात कधीच नव्हतं.

चांगदेव, पत्राच्या शेवटी आईंच्या नावानं “सूनबाई, आता पुरे झालं” असं लिहिलं होतंस. आईंनी मला सूनबाई कधी म्हटलेलं नाही. त्या मला जये म्हणतात. तेव्हा उत्तर पाठवशील ते दोन कागदांवर पाठव. तुझं तुझ्या शब्दांत. आणि आईंचं, त्यांच्याजवळ बसून, त्यांना विचारून, त्या जसं बोलतील तसंच.

वाट बघते.

तुमची,
जया